बोर्नव्हिटाच्या डब्यातल्या मेथ्या

आमच्या आजीच्या फडताळात डब्यांची एक लांबलचक रांग होती. त्यातल्या एकाही डब्यावर जे लिहिलेलं होतं ते आत नव्हतं. बोर्नव्हिटाच्या डब्यात मेथ्या, डालड्याच्या डब्यात हुलगे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वीजबिलाच्या पावत्या. आजीला अर्थातच सगळं पाठ. लाईट गेलेले असले तरी अंधारात तिचा हात बरोबर हव्या त्या डब्यावर जायचा. २०१९ साली आजी गेली. दिवस झाल्यावर आई आणि मामी फडताळासमोर बसल्या आणि एकेक डबा उघडून, वास घेऊन, चिमूटभर जिभेवर ठेवून आत काय आहे ते ठरवत राहिल्या. एका पुडीतली पूड कसली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. औषध असावं म्हणून टाकवेना, आणि कशाचं ते माहीत नाही म्हणून वापरवेना.

हे सगळं मला आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. त्यानंतर दोनच वर्षांनी माझ्यावर नेमकी तीच वेळ आली. फरक इतकाच की माझे डबे कॉम्प्युटरमधले होते आणि त्यात आजीच होती.

आज लिहायचंय ते व्हिडिओ एडिटिंगबद्दल. खरं म्हणजे एडिटिंगच्या आधीच्या, अत्यंत कंटाळवाण्या आणि कुणीही करत नाही अशा कामाबद्दल. फाईली लावून ठेवणं, त्यांना नावं देणं, त्या सॉफ्टवेअरमधल्या 'बिन' नावाच्या कप्प्यांत घालणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हिडिओच्या सगळ्या व्यवहारात हेच काम सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि ते यंत्रावर सोडण्यासारखं नाही. तुम्ही म्हणाल, "आम्ही कुठं सिनेमे काढतो?" थांबा जरा. तुमच्या फोनमध्ये आत्ता किती व्हिडिओ आहेत ते बघा आणि मग पुढं वाचा.

तर झालं असं. २०१४ च्या डिसेंबरात मी सुट्टीवर घरी आलो होतो. तेव्हा माझं पीएचडीचं काम जर्मनीत चालू होतं. एका मित्राचा कॅमेरा बरोबर आणला होता आणि मनात होतं की आजीला एकदा नीट बोलतं करायचं. आजी म्हणजे आईची आई. तिचं सगळं आयुष्य पाटणच्या बाजूला गेलेलं. बारा दिवस मी तिच्या मागे कॅमेरा घेऊन फिरलो. ती भाकरी थापताना, जात्यावर बसलेली, अंगणात तांदूळ निवडताना, आणि मुख्य म्हणजे बोलताना. एकूण दहाएक तासांचं चित्रण झालं असेल. त्यातली एक अख्खी दुपार कोयनेच्या भूकंपावर होती. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. फळीवरची भांडी आधी वाजायला लागली, मग कुणीतरी धरण फुटलं म्हणून ओरडलं, आणि पोरांना काखोटीला मारून सगळे टेकाडाकडे कसे पळाले... आजी तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगावी तशी शांतपणे सांगत होती. मध्येच उठून कोंबड्या हाकलून आली आणि पुढचं वाक्य बरोबर तिथूनच उचललं.

माझ्याकडे ३२ जीबीचं एकच कार्ड होतं. त्या कॅमेऱ्याच्या दर्जानुसार त्यात जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं मावायची. म्हणून रोज रात्री कार्ड लॅपटॉपवर उतरवायचं, कार्ड पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. लॅपटॉपवरच्या फोल्डरांची नावं मी काय ठेवली होती? 'आजी', 'आजी न्यू', 'आजी न्यू २', 'आजी अजून' आणि 'आजी लास्ट'. 'आजी लास्ट' नंतरही दोन दिवस चित्रण झालं, त्याचं नाव 'आजी लास्ट खरं'. हसू नका. तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल फायनल' आहेत हे मला माहीत आहे.

आता गंमत बघा. कार्ड पुसलं की कॅमेऱ्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. म्हणजे प्रत्येक दिवसाची पहिली फाईल 'सी०००१', दुसरी 'सी०००२'. बारा दिवसांच्या बारा 'सी०००१'. परत आल्यावर लॅपटॉपवर जागा पुरेना, म्हणून एका रात्री मी सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं, आणि 'व्यवस्थित' राहावं म्हणून चार फोल्डरमधल्या फाईली एकाच फोल्डरमध्ये ओतल्या. कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाच्या फाईली आधीच आहेत, त्यांच्या जागी या घालू का? दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये लवकर जायचं होतं. मी 'सगळ्यांना हो' म्हटलं आणि झोपायला गेलो. मग लॅपटॉपवरचं सगळं पुसून टाकलं.

कळलं २०२१ मध्ये. तोवर आजी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि भूकंपाची दुपार जगात कुठंही नव्हती.

कॉम्प्युटरला दोष देता येत नाही, त्यानं विचारलं होतं. कॅमेऱ्यालाही देता येत नाही, तो मोजणी करत होता, बारसं करत नव्हता. आणि मला स्वतःला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. माझं संशोधन होतं इंधनाच्या फवाऱ्यावर. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारे थेंब हाय-स्पीड कॅमेऱ्यानं टिपायचे आणि मोजायचे. त्या थेंबांच्या फिती आजही माझ्याकडे आहेत. प्रत्येक फाईलच्या नावात तारीख, प्रयोगाचा क्रमांक, दाब, तापमान, सगळं आहे. वहीत नोंद केल्याशिवाय मी कधी बटण दाबलं नाही. शिवाय विद्यापीठाच्या सर्व्हरवर रोज रात्री प्रत निघायची. म्हणजे कुठल्याशा नळीतून उडालेल्या, क्षणभरही न टिकलेल्या थेंबाचा पत्ता मी आजही सांगू शकतो, आणि आजीच्या फोल्डरचं नाव 'आजी न्यू २'. घरचं आहे, लक्षात राहील, असं आपल्याला वाटतं. आजीलाही मेथ्यांबद्दल तेच वाटत होतं.

जे उरलं होतं ते तरी धड करावं म्हणून २०२२ च्या हिवाळ्यात मी इथल्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. जर्मनीत गावोगावी 'फोक्सहोखशूलं' नावाच्या संस्था असतात. कामावरून सुटलेल्या लोकांनी थोडक्या फीमध्ये स्पॅनिश शिकावं, शिवणकाम शिकावं, योगासनं शिकावीत (तीही जर्मन बाईंकडून), अशी सोय. आमचा वर्ग व्हिडिओ संकलनाचा होता. आठ मंगळवार. शिकवणारे मास्तर टीव्हीत संकलक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे, आणि पहिले तीन मंगळवार त्यांनी आम्हाला एकही शॉट कापू दिला नाही. नुसत्या फाईली लावायच्या, नावं द्यायची, बघायचं आणि लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात मी जरा घुश्शातच विचारलं की कापायचं कधी? ते म्हणाले, "कात्री लहान मुलालाही चालवता येते. काय कापायचं ते कुठं आहे, हे ज्याला माहीत असतं तो संकलक."

मग त्यांनी 'बिन' शब्दाची गोष्ट सांगितली. आपल्याला बिन म्हटलं की कचऱ्याचा डबा आठवतो. सॉफ्टवेअरच्या जर्मन आवृत्तीत त्याला 'आब्लागं' म्हणतात, म्हणजे कागद वगैरे लावून ठेवायची जागा. आणि इथल्या ऑफिसांत एक जुना विनोद आहे, नको असलेला कागद 'आब्लागं पे' मध्ये टाका. 'पे' म्हणजे पापियरकोर्ब, केराची टोपली! पण संकलनातलं बिन हे केराच्या टोपलीतून आलेलं नाही. पूर्वी सिनेमा फिल्मवर असायचा. कापलेले तुकडे टेबलाशेजारी एका आडव्या दांडीला छोट्या खिळ्यांवर लटकवायचे आणि त्यांची लोंबती टोकं खाली कापडी अस्तराच्या पिंपात सोडायची, म्हणजे फिल्मवर ओरखडे येत नाहीत. ते पिंप म्हणजे बिन. जर्मन लोक त्या सांगाड्याला 'गाल्गन' म्हणत, म्हणजे चक्क फाशीचा खांब. प्रत्येक खिळ्यापाशी चिठ्ठी, कोणत्या प्रसंगाचा कोणता तुकडा. चिठ्ठी नसलेला तुकडा म्हणजे हरवलेला तुकडा, कारण बोटभर रुंदीच्या फिल्मवरचं चित्र उजेडाला धरून किती वेळ ओळखत बसणार? हॅम्बर्गच्या श्टीनबेक कंपनीची संकलनाची टेबलं जगभर गेली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही कितीतरी पिढ्या तशा टेबलांवर शिकल्या. पुढं १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीनं कॉम्प्युटरवरचं संकलन बाजारात आणलं. तिथंही तुकडे ठेवायच्या कप्प्याला बिनच म्हणतात. पिंप गेलं, शब्द राहिला.

हे काम किती मोठं असू शकतं त्याचं एक उदाहरण. 'अपोकॅलिप्स नाऊ' हा सिनेमा १९७९ मध्ये आला. त्याच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी लिहून ठेवलंय की त्यांच्यापुढं साडेबारा लाख फूट फिल्म होती, म्हणजे दोनशे तीस तासांहून जास्त. पडद्यावर आले साधारण अडीच तास. पडद्यावरच्या प्रत्येक मिनिटामागे पंच्याण्णव मिनिटं न दिसलेली. मला वाटलं, बाप रे! मग घरी येऊन माझ्या फोनचा हिशेब केला. पाच वर्षांत पोराचे, सणांचे, सहलींचे मिळून साठ तासांच्या वर व्हिडिओ, आणि त्यातलं आम्ही पुन्हा पाहिलेलं असेल तासभर. प्रमाणात आम्ही मर्चसाहेबांच्या फार मागे नाही. फक्त त्यांच्याकडे चिठ्ठ्या होत्या.

आता एक तांत्रिक गोष्ट, पण ती समजून घ्याच, कारण बहुतेकांची वाट इथंच लागते. सॉफ्टवेअरमधल्या बिनमध्ये तुमचा व्हिडिओ नसतो. तिथं असतो फक्त पत्ता. तुम्ही फाईल बिनमध्ये ओढून टाकता तेव्हा ती हलत नाही, तिची प्रतही होत नाही. सॉफ्टवेअर फक्त नोंद करतं की अमुक डिस्कवर, अमुक फोल्डरमध्ये, अमुक नावाची फाईल आहे. लग्नाच्या याहाद्यांमध्ये पाहुण्यांचे पत्ते असतात, पाहुणे आपापल्या घरीच असतात, तसं. म्हणूनच प्रोजेक्टची फाईल एवढीशी असते. मूळ फाईलचं नाव बदललं, ती दुसरीकडे हलवली किंवा डिस्कचं अक्षर 'ई' चं 'एफ' झालं, की पत्ता चुकला. मग पडद्यावर तो प्रसिद्ध लाल फलक येतो, 'मीडिया ऑफलाईन'. सॉफ्टवेअर विचारतं, कुठं आहे ते दाखवा. आणि शोधताना त्याचा मुख्य भरवसा नावावर असतो. आता बारा फाईलींचं नाव 'सी०००१' असेल तर ते बिचारं भलत्याच दिवसाचा 'सी०००१' आणून लावतं, आणि आजी भाकरीबद्दल बोलत असताना पडद्यावर कोंबड्या दिसतात.

मास्तर म्हणाले, टेपच्या काळात हे इतकं बोचायचं नाही. तेव्हा मिनी-डीव्हीची साठ मिनिटांची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला साठ मिनिटंच लागायची. समोर बसून बघावंच लागायचं, मग आपोआप कागदावर लिहिलं जायचं, टेप क्रमांक तीन, बारावं मिनिट, नवरी हसते. शिवाय टेपचा क्रमांक आणि वेळेचा आकडा प्रोजेक्टमध्ये नोंदलेला असायचा. डिस्क जळली तरी प्रोजेक्टची चिमुकली फाईल वाचली की झालं. टेपा पुन्हा लावा, सॉफ्टवेअर लागतील ते तुकडे स्वतः उचलून घ्यायचं. टेप कपाटात असायची, तीच मूळ. आता कार्डावरून सगळं दोन मिनिटांत उतरतं, बघावं लागत नाही, आणि कार्ड पुसलं की ती डिस्कवरची प्रत हीच मूळ होते. मूळ आणि एकुलती एक. शिस्त आपल्या अंगात कधी नव्हतीच. यंत्राच्या संथपणानं ती आपल्यावर लादली होती, आणि यंत्र जलद झाल्याबरोबर ती गेली.

मग करायचं काय? मी आता जे करतो ते सांगतो. फार नाही. आधी डिस्कवर एका कामाचं एकच मोठं फोल्डर, आणि त्यात चार-पाच पोटफोल्डर: मूळ चित्रण, आवाज, फोटो, प्रोजेक्ट, तयार झालेलं. मूळ चित्रणात दर दिवसाचं, दर कार्डाचं वेगळं फोल्डर, आणि कोणत्याही दोन दिवसांच्या फाईली एकत्र ओतायच्या नाहीत. कध्धीच नाही. फोल्डरच्या नावात तारीख वर्षापासून सुरू करायची, २०१४-१२-२१ अशी. आपण २१-१२-२०१४ लिहितो, पण कॉम्प्युटर अक्षरं लावल्यासारखे आकडे लावतो. मग सगळ्या महिन्यांच्या एकवीस तारखा एकत्र येतात. वर्ष आधी लिहिलं की आपोआप काळाच्या क्रमानं रांग लागते. फाईलींची नावं बदलायची तर सॉफ्टवेअरमध्ये घेण्याआधी, नंतर नाही. नंतर बदलायचं असेल तर बिनमधल्या क्लिपचं नाव बदला, त्यानं डिस्कवरची फाईल बदलत नाही. काही कॅमेरे कार्डावर फोल्डरांचं एक गुंतागुंतीचं झाड बनवतात. ते अख्खं उचलायचं, त्यातली नुसती व्हिडिओची फाईल खुडून आणायची नाही, नाहीतर लांब शॉटचे तुकडे जुळत नाहीत.

आणि बिन? ते डिस्कवरच्या फोल्डरांसारखे नसावेत. डिस्कवर तारखेनं लावा, कारण तारीख बदलत नाही. बिनमध्ये मात्र स्वतःला विचारा, मी उद्या हे शोधताना काय म्हणेन? मी 'एकवीस तारीख' म्हणणार नाही, मी म्हणणार 'जातं' किंवा 'भाकरी'. एकच क्लिप दोन बिनमध्ये ठेवता येते, डिस्कवर फाईल एकच राहते. ही सोय त्या फाशीच्या खांबाला नव्हती. अतिरेकही नको. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांनी मांजराच्या वीस शॉटसाठी चाळीस बिन केले होते. त्यांची ती हौस होती, आणि आठवा मंगळवार आला तरी त्यांचं मांजर कापायचं राहिलंच.

शेवटी प्रती. फोटोग्राफर लोकांत एक नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. माझी एक डिस्क इथं आहे, एक मामाच्या कपाटात आणि एक प्रत क्लाउडवर. मामानं डिस्क पिशवीत घालून फडताळात ठेवली आहे. कोणत्या डब्यात ते मी विचारून, लिहून घेतलंय.

आता तुम्ही विचाराल, आणि माझ्या ऑफिसातली तरुण मंडळी रोज विचारतात, की हे सगळं कशासाठी? शोध आहे ना. सॉफ्टवेअर बोलणं ऐकून शब्द लिहून काढतं, चेहरे ओळखतं, 'समुद्र' लिहिलं की समुद्राचे शॉट काढून देतं. फोल्डर लावत बसणं हा म्हाताऱ्यांचा उद्योग. मी स्वतः इंजिनीयर आहे, यंत्राचा मला राग नाही. आणि यात बरंच तथ्य आहे. 'कोंबडी' शोधायला आता बिन लागत नाही. बोलणं लिहून काढण्याचा प्रयोगही मी केला. निम्मं चांगलं उतरलं आणि उरलेलं असं की आजीनं ऐकलं असतं तर मिश्री बाजूला ठेवून पदर तोंडाला लावून हसली असती. ते सुधारेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. चेहरे ओळखून आपोआप बिन करण्याची सोय मी आजीच्या चित्रणावर चालवली. दहा मिनिटांत त्यानं सहा बायका वेगळ्या काढल्या. आजी सोडून सहा. शेजारणी, नात्यातल्या, सहज डोकावलेल्या. प्रत्येकीचा स्वतंत्र कप्पा, सगळे शॉट बरोबर. थक्क झालो. सॉफ्टवेअरनं मला सांगितलं की हे चार शॉट एकाच बाईचे आहेत. ती बाई कोण, हे ते सांगू शकत नव्हतं. खाली रिकामी चौकट होती, इथं नाव लिहा.

मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि स्क्रीनवर एकेक चेहरा दाखवला. चौघींची नावं तिनं पटापट सांगितली, कुणाची कोण, माहेर कुठलं, नवरा काय करायचा, एवढंच नाही तर कुणाशी आजीचं वाकडं होतं तेही. पाचवी तिला आठवेना. तो फोटो मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तिथून गावात फिरला आणि दोन दिवसांनी उत्तर आलं. सहावी राहिली. सहावी म्हणजे जात्यावर आजीच्या समोर बसून खुंट्याला हात लावून ओवी म्हणणारी. चार मिनिटांची क्लिप आहे. आवाज आजीपेक्षा कितीतरी चांगला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजीलाच विचारायला हवं होतं रे."

"मी होतो की तिथं," मी म्हटलं. "मीच शूटिंग करत होतो."

"मग विचारलं नाहीस?"

नाही विचारलं. कॅमेऱ्याचा फोकस बघत होतो.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. मी त्या सहाव्या बाईची ओवी सापडते का म्हणून तिथं शोधत बसलो होतो. ओवी काही सापडली नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. ज्या बायकांचं नाव सात-बारावर आलं नाही त्यांचं नाव तिथं त्यांच्या ओवीखाली आहे. हे काही आपोआप झालेलं नाही. कुणीतरी समोर बसून विचारलं, "बाई, तुमचं नाव काय? गाव कुठलं?", आणि लिहून घेतलं. लाखभर ओव्यांचा नुसता ढीग आणि लाखभर ओव्यांचा ठेवा यांत फरक पडला तो या दोन प्रश्नांनी.

म्हणून माझं म्हणणं आहे की फाईल लावणं हे कारकुनी काम नाही. चित्रणात जे दिसतं ते यंत्र आज ना उद्या ओळखेल. जे दिसत नाही, नाव, नातं, गाव, कशामुळे हसले, ते फक्त माणसांकडे आहे. आणि ती माणसं आपल्याकडे कायमची नाहीत. कापायला, संगीत घालायला, रंग सुधारायला पुढची चाळीस वर्षं आहेत. सॉफ्टवेअर दरवर्षी चांगलंच होत जाणार. नाव विचारायला मात्र आईची दुपारची झोप झाल्यावरचा अर्धा तास आहे, आणि असे अर्धे तास किती शिल्लक आहेत ते कुणालाच माहीत नाही.

इथं दूर राहणाऱ्या माझ्यासारख्याला तर सुट्टीचे पंधरा दिवस मिळतात. तुम्ही तिथंच आहात. तेव्हा एक करा. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून नुसता गाणी घातलेला पेन ड्राईव्ह घेऊ नका, मूळ चित्रणही मागून घ्या, लवकर मागा, कारण त्यालाही डिस्क पुसाव्या लागतात. घरच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओच्या नावात जी तारीख असते ती पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे, तिच्यावर विसंबू नका. ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ फाईल घ्या. आणि एका रविवारी आई-वडिलांना, आजी असेल तर आजीला शेजारी बसवा, फोनमधले जुने व्हिडिओ लावा आणि एका साध्या वहीत लिहीत जा, फाईल अमुक, डावीकडून पहिली कोण, दुसरी कोण. सॉफ्टवेअर आलं नाही तरी चालेल. ती वही म्हणजेच बिन.

आजीचा व्हिडिओ शेवटी झाला. बावीस मिनिटांचा. भूकंप त्यात नाही. मला आठवतं तेवढं मी कागदावर लिहून मामाला वाचून दाखवलं. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती केली, तीही लिहून ठेवली. प्रोजेक्टमध्ये आता सात बिन आहेत. सहांना नीट नावं आहेत. सातव्याचं नाव 'माहीत नाही', आणि त्यात चार मिनिटांची एक क्लिप आहे. पाटणच्या बाजूचं कुणी हे वाचत असेल आणि घरात नव्वदीची कुणी म्हातारी असेल, तर सांगा. मी क्लिप पाठवतो.